अपग्रेडचा हक्क कुठे लिहून ठेवायचा?

(दहावी १९९४च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना घाईत राहून गेलेली दोन-चार वाक्यं इथे घातली आहेत.)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच दिला आहे: "तू नक्की काय करतेस, ते एकदाचं सांगून टाक." आपल्यात कुणी डॉक्टर झालं, कुणी बँकेत लागलं, कुणाची आगाशीला वाडी आहे, कुणाचं वालीवला वर्कशॉप आहे. ही कामं नुसती सांगितली तरी कळतात. मी "सॉफ्टवेअर अ‍ॅसेट मॅनेजमेंट" म्हटलं की समोरचा "म्हणजे आयटी ना?" म्हणतो आणि विषय मुलांच्या अ‍ॅडमिशनवर जातो.

मी भांडारपाल आहे. फक्त माझ्या भांडारातला माल हाताला लागत नाही. कंपनीत हजारो संगणक असतात, त्यांवर शेकडो प्रकारची सॉफ्टवेअरं असतात. त्यांतली किती विकत घेतली आहेत, किती बसवली आहेत, घेतल्याचा कागद कुठे आहे आणि त्या कागदानं नक्की कसला हक्क मिळतो, याचा हिशेब ठेवायचा. त्यातही माझा प्रांत म्हणजे अपग्रेडचे हक्क. ऐकायला कोरडा विषय आहे, मान्य. पण आपल्या तुकडीनं शाळेला संगणक द्यायचं ठरवलं आहे आणि त्या भेटीचं पुढे काय होणार ते नेमकं या हक्कांवरच ठरणार आहे. म्हणून मी विषय न बदलता बोलणार आहे.

विरारच्या माणसाला अपग्रेड समजावायला लोकलचा पास पुरतो. २०१७च्या नाताळात आपल्या पश्चिम रेल्वेवर एसी लोकल आली. पुढे २०२२मध्ये अशी सोय झाली की फर्स्ट क्लासचा पास असेल त्यानं फरकाची रक्कम भरून एसीचा पास करून घ्यायचा. आता विचार करा, फरक कशाचा? आधीच्या पासाचा. जुना पास नसताना नुसते फरकाचे पैसे घेऊन खिडकीवर गेलात तर आतला माणूस तुमच्याकडे बघेल आणि "पुढे चला" म्हणेल. आणि फरक भरून एसीचा पास हातात आला म्हणजे तुमच्याकडे दोन पास झाले, असंही नाही. एकाच पासाची पायरी वाढली.

सॉफ्टवेअरचं अगदी असंच. पूर्ण लायसन्स वेगळं आणि अपग्रेडचं लायसन्स वेगळं. अपग्रेड स्वस्त असतं, कारण ते आधीच्या लायसन्सवर उभं असतं. आपल्यापैकी ज्यांनी डीटीपीचा धंदा केला त्यांना आठवत असेल, अ‍ॅडोबीचं अपग्रेड बसवायला घेतलं की ते आधीच्या आवृत्तीचा सिरियल नंबर मागायचं. जुना डबा रद्दीत गेला असेल तर नव्या डब्याचे पैसे पाण्यात. ऑटोकॅडच्या करारात तर मुदतच होती: अपग्रेड बसवल्यापासून १२० दिवसांत जुनी आवृत्ती काढून टाकायची. मालकाला मात्र वाटायचं, नवं साहेबांच्या टेबलावर, जुनं ड्राफ्ट्समनला, दोघांचं काम झालं. वसईच्या औद्योगिक वसाहतींत फिरलात तर अशी "दोघांचं काम झालं" पद्धतीची यंत्रं आजही सापडतील. नावं घेत नाही, काहीजण समोरच बसले आहेत.

डबे गेले तसा हक्काचा प्रकारही बदलला. अ‍ॅडोबीनं २०१३पासून नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर द्यायला सुरुवात केली. ऑटोडेस्कनं अपग्रेडची सवलत २०१५मध्ये बंद केली आणि जानेवारी २०१६ नंतर ऑटोकॅडचं कायमचं लायसन्स विकणंही थांबवलं. जिथे कायमचं लायसन्स अजून मिळतं, तिथे अपग्रेड बहुतेक वेळा मेंटेनन्सच्या रूपात येतं. लायसन्स कायमचं तुमचं, पण नवी आवृत्ती हवी तर दरसालचे पैसे चालू ठेवा. याचं घराघरात पोचलेलं उदाहरण टॅली. टॅलीचं लायसन्स कायमचं, पण नव्या आवृत्तीसाठी टीएसएस नावाची वर्गणी चालू लागते. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, तेव्हा आपल्या स्टेशनसमोरच्या हिशेबनिसांना पहिल्यांदा कळलं की आपल्याकडे टॅली आहे, पण जीएसटीचं टॅली नाही. नोव्हेंबर २०२०मध्ये टॅलीप्राइम आलं, तेव्हा ज्यांचं टीएसएस चालू होतं त्यांना ते वेगळे पैसे न भरता मिळालं, इतरांना आधी टीएसएस भरावं लागलं.

आता इथे माझं खरं काम सुरू होतं, म्हणून जरा सावकाश सांगते.

मायक्रोसॉफ्टचा कंपन्यांसाठी 'सॉफ्टवेअर अ‍ॅश्युरन्स' नावाचा प्रकार आहे. तो २००१मध्ये जाहीर झाला. करार चालू असताना जी नवी आवृत्ती बाजारात येईल, तिचा हक्क तुम्हाला मिळतो. तुम्ही ती त्या वेळी बसवली नाही तरी चालतं, हक्क पक्का झाला. करार संपल्यावर येणाऱ्या आवृत्तीचा हक्क मात्र नाही. म्हणजे सगळा खेळ दोन तारखांचा: करार संपण्याची आणि आवृत्ती येण्याची.

समजा एका कंपनीकडे ऑफिसची शंभर लायसन्सं आहेत. दोन खेपांत घेतलेली, साठ आणि चाळीस. साठांचा करार ३१ ऑगस्ट २०१८ला संपला, चाळीसांचा ३० नोव्हेंबर २०१८ला. कंपन्यांसाठी ऑफिस २०१९ आलं २४ सप्टेंबर २०१८ला. तर या कंपनीकडे ऑफिस २०१९ची किती लायसन्सं? चाळीस. उरलेली साठ २०१६वरच थांबली, कायमची. आता खरेदी विभागानं एक्सेलमध्ये काय लिहिलेलं असतं? "एमएस ऑफिस, नग १००." संगणक विभागातला उत्साही मुलगा ते बघतो आणि शंभर यंत्रांवर २०१९ बसवून मोकळा होतो. त्यानं चोरी केलेली नाही. साठ यंत्रांवर हक्क नसताना नवी आवृत्ती गेली, एवढंच झालं. आणि ऑडिटरच्या हिशेबात ती साठ पूर्ण लायसन्सांची तूट असते.

गणिताचे सर समोर आहेत म्हणून सांगते, सर, तुम्ही म्हणायचात की एकक वेगळं असेल तर बेरीज करायची नाही. आमच्या धंद्यातले निम्मे घोटाळे या एका नियमानं मिटतील.

नोंद नीट ठेवली तर नुसतं नुकसान टळतं असं नाही, कधी कधी मिळकतही होते. मायक्रोसॉफ्टनं एसक्यूएल सर्व्हरच्या २०१२च्या आवृत्तीपासून मोजणी प्रोसेसरवरून कोअरवर नेली. जुन्या प्रोसेसर लायसन्सवर ज्यांचा अ‍ॅश्युरन्स चालू होता, त्यांना करार संपताना एका प्रोसेसरमागे किमान चार कोअरची लायसन्सं बदलून मिळणार होती. पण प्रत्यक्ष यंत्रात चारपेक्षा जास्त कोअर चालू असतील आणि त्याची तारखेनिशी मोजणी तुमच्याकडे असेल, तर तेवढी सगळी मिळणार होती. ज्यांनी मोजून कागद ठेवला त्यांना आठ-आठ, दहा-दहा मिळाली. यंत्रं तीच, कंपन्याही तशाच, फरक एका फाइलीचा.

तर हे सगळं नोंदवायचं कसं? अ‍ॅसेट मॅनेजमेंटच्या प्रणाली बाजारात बऱ्याच आहेत, हजारोंच्याही आणि कोटींच्याही. कुठलीही घ्या, कळीचा मुद्दा एकच: अपग्रेडची नोंद स्वतंत्र उभी करायची नाही, ती मूळ लायसन्सच्या नोंदीला बांधायची. कुणाच्या पोटातून कोण आलं हे दिसलं पाहिजे. मूळ नोंद पन्नासांची आणि त्यातल्या वीसांचं अपग्रेड घेतलं, तर मूळ नोंदीत वापरायला तीस उरले पाहिजेत आणि नव्या नोंदीत वीस. बेरीज पन्नासच. अपग्रेडला वेगळी ओळ दिली आणि बांधलं नाही, तर प्रणाली खुशाल सत्तर दाखवते. संगणक आहे तो, त्याला तुम्ही सांगितलंत सत्तर, तो म्हणाला सत्तर.

याच्या उलट चूकही सर्रास दिसते. काही लोक नव्या आवृत्तीचा हक्क मिळाला की जुन्या नोंदीवरच नवा आकडा गिरवतात. २०१६ खोडून २०१९. दिसायला नीटनेटकं, पण मूळ कशावर उभं होतं तेच पुसलं गेलं. आपल्या सगळ्यांच्या दाखल्यांवर काय लिहिलं आहे? तालुका वसई, जिल्हा ठाणे. १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा झाला. म्हणून कुणी शाळेत जाऊन दाखल्यावर ठाणे खोडून पालघर करून आणलं का? दाखला आहे तसाच राहतो, नवा पत्ता नव्या कागदावर येतो, आणि दोन्ही मिळून माणूस ओळखला जातो. लायसन्सची नोंद तशीच ठेवायची.

आणखी एक गोष्ट, जी मला नव्या मुलांना दरवेळी समजवावी लागते. हक्क कुठल्या आवृत्तीचा आणि यंत्रावर बसली आहे कुठली, हे दोन वेगळे रकाने आहेत. घाऊक करारांत बहुधा नव्या आवृत्तीच्या हक्कावर जुनी आवृत्ती चालवायची मुभा असते. त्यामुळे यंत्रावर २०१६ दिसली म्हणजे हक्क २०१६चाच, असं नाही. नुसतं यंत्र तपासून हक्क कळत नाही आणि नुसता कागद बघून यंत्र कळत नाही. या हक्कांची नोंद कुठल्या साच्यात ठेवावी यासाठी २०१६मध्ये आंतरराष्ट्रीय मानकसुद्धा आलं, आयएसओ १९७७०चा तिसरा भाग. वाचायला घेऊ नका, झोप येते. मी पगार घेऊन वाचलं आहे.

एक प्रसंग सांगते. कंपनीचं नाव सांगणार नाही. एका कंपनीनं दुसरी छोटी कंपनी विकत घेतली. वर्षभरानं एका सॉफ्टवेअर विक्रेत्याचं ऑडिटचं पत्र आलं. आम्ही कागद काढले, तर छोट्या कंपनीकडून आलेली सगळी लायसन्सं अपग्रेडची निघाली. मूळ लायसन्सं दाखवा, म्हणाले. मूळ खरेदी पंधरा वर्षांपूर्वीची, तेव्हाचा विक्रेता बंद पडलेला, तेव्हाचे मॅनेजर परदेशात. हिशेब खात्याचं म्हणणं, आठ वर्षांपलीकडचे कागद आम्ही ठेवत नाही, कायद्यानं लागत नाहीत. बरोबर आहे, हिशेबाच्या कायद्यानं नाही लागत. लायसन्सला लागतात. लायसन्स वापरात आहे तोवर त्याचा पहिला कागद जिवंत असतो.

तीन आठवडे आम्ही शोधत होतो. शेवटी कुणाला तरी आठवलं की तिथले एक जुने स्टोअरकीपर निवृत्त होऊन नालासोपाऱ्याला राहतात. मी घरी जाता जाता उतरले आणि त्यांना भेटले. त्यांनी चहा दिला आणि शांतपणे विचारलं, "गोदामात जिन्याखालचं हिरवं कपाट उघडलंत का?" उघडलं नव्हतं. मुंबईतल्या गोदामातल्या त्या कपाटात वर्षवार गठ्ठे होते, प्रत्येक गठ्ठ्यावर सुतळी आणि पुठ्ठ्यावर निळ्या पेन्सिलीनं यादी. पहिल्या खरेदीची बिलं, लायसन्सची प्रमाणपत्रं, अगदी मजकुराच्या फ्लॉपीसकट. सगळी नाही, पण बरीच मिळाली. उरलेल्यांचे पैसे कंपनीला भरावे लागले. त्या गृहस्थांनी आयुष्यात संगणक चालवलेला नव्हता. माझ्या मते ते आमच्या क्षेत्रातले उत्तम व्यावसायिक होते आणि त्यांना कंपनीनं निदान शाल-श्रीफळ तरी द्यायला हवं होतं. ते काही झालं नाही.

आता शाळेच्या संगणकांकडे येते.

ग्रुपवर आतापर्यंत अठरा यंत्रं कबूल झाली आहेत. तुमच्यापैकी ज्यांच्या ऑफिसांत जुने संगणक निघताहेत, त्यांनी ती देऊ केली. मनापासून आनंद वाटला. पण एवढी यंत्रं एकदम का निघताहेत, हे कुणी विचारलं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला. त्या तारखेनंतर सुरक्षेच्या नेहमीच्या दुरुस्त्या बंद. विंडोज ११चं अपग्रेड पात्र यंत्राला फुकट आहे, पण पात्र म्हणजे टीपीएम २.० हवं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. जी यंत्रं यात बसत नाहीत, ती कंपन्या काढून टाकताहेत. म्हणजे आपण शाळेला नेमकी तीच देणार आहोत ज्यांचा अपग्रेडचा हक्क कागदावर आहे आणि यंत्र तो घेऊ शकत नाही.

मी सगळ्यांकडून मॉडेलं मागवून घेतली. अठरापैकी सात यंत्रं विंडोज ११ घेऊ शकतात, अकरा घेऊ शकत नाहीत.

त्या सातांचीही एक गोम आहे. तुमच्या ऑफिसच्या यंत्रावर आज जे विंडोज चालतं, ते बहुधा कंपनीच्या घाऊक करारातलं एंटरप्राइझ आहे. घाऊक करारातलं विंडोज हे मुळात अपग्रेडचंच लायसन्स असतं. यंत्राबरोबर कारखान्यातून आलेल्या विंडोजवर ते उभं राहतं. यंत्र दान केलं की वरचा मजला कंपनीकडेच राहतो, तळमजला यंत्राबरोबर जातो. तळमजला आहे का ते बघा. मोठ्या कंपनीचा तयार संगणक असेल तर विंडोज ८च्या काळापासून त्याची किल्ली बहुधा यंत्राच्या आतच लिहिलेली असते. डिस्क पुसून विंडोज प्रो नव्यानं टाकलं की ते आपोआप चालू होतं. पण जोडून घेतलेला, लॅमिंग्टन रोडचा संगणक असेल आणि त्यावर थेट घाऊक करारातलं विंडोज टाकलेलं असेल, तर त्याला तळमजलाच नाही. शाळेकडे नुसता पत्रा येईल. आणि कंपनीचं ऑफिस कुठल्याच यंत्रावर तसंच ठेवून पाठवू नका. "राहू दे, मुलांना उपयोगी पडेल," असं तिघांनी मला आधीच म्हटलं आहे. राहू देऊ नका. संगणकाचा प्रोग्रॅम आपल्या कॉपीराइट कायद्यात १९८४पासून साहित्यकृतीत धरला जातो, आणि बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरण्याबद्दल कलम ६३ बमध्ये सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. नोटीस आली तर ती तुमच्या ऑफिसला येणार नाही, मुख्याध्यापकांच्या टेबलावर येईल.

उरलेल्या अकरांसाठी दोन वाटा आहेत. विंडोज १०साठी पैसे भरून वाढीव दुरुस्त्या मिळतात. शिक्षणसंस्थांना दर यंत्रामागे पहिल्या वर्षी एक डॉलर, दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्या वर्षी चार, असा दर आहे. स्वस्त आहे, पण तीन वर्षांनी पुन्हा हाच प्रश्न आणि तेव्हा आपण कुणी इथे नसू. माझं मत दुसऱ्या वाटेला आहे: अकराही यंत्रांवर लिनक्स आणि लिबरऑफिस. केरळातल्या सरकारी शाळा कित्येक वर्षं अशा चालल्या आहेत. सी-डॅकचं बॉस हेही लिनक्सच आहे. मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कळफलक तिथेही तोच. तिथे अपग्रेडचा हक्क विकत घ्यावा लागत नाही. नोंद मात्र तरीही ठेवावी लागते, कुठल्या यंत्रावर काय आहे आणि शेवटचं कधी अद्ययावत केलं याची. संगणकाच्या बाईंनी मला विचारलं, पालक म्हणाले विंडोजच शिकवा, तर? सात यंत्रं आहेत ना. आठवी-नववीच्या मुलांना दोन्हींवर बसू द्या. मुलं आपल्यापेक्षा लवकर सरावतात.

शाळेत डेडस्टॉक रजिस्टर असतं. बाक, फळे, कपाटं, पृथ्वीचा गोल, सगळं त्यात असतं. संगणकही येतील, "नग १८" म्हणून. तेवढ्यावर थांबू नये, अशी माझी मुख्याध्यापकांना विनंती आहे. मी एक साधी वही आखून आणली आहे, प्रणाली वगैरे काही नाही. प्रत्येक यंत्राला एक पान. वर यंत्राचा सिरियल नंबर. खाली पहिली ओळ, कारखान्यातून कुठलं विंडोज आलं. दुसरी ओळ, त्यावर कुठलं अपग्रेड, कोणत्या तारखेला, कुणी केलं. खोडायचं नाही, पुढची ओळ लिहायची. पानाला टाचून देणगीदार कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र आणि असेल तर मूळ बिलाची प्रत. यंत्र पुढे भंगारात गेलं तर त्याची तारीखही त्याच पानावर, कारण त्या यंत्राबरोबर आलेलं विंडोज त्याच्याबरोबरच जातं, ते दुसऱ्या यंत्रावर नेता येत नाही.

तर देणाऱ्यांसाठी: तुमच्या ऑफिसकडून पत्र, मूळ बिलाची प्रत आणि यंत्राच्या मागच्या स्टिकरचा स्पष्ट फोटो पुढच्या रविवारपर्यंत मला पाठवा. डिस्क तुमच्याकडेच पुसून घ्या. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर आम्ही चौघं प्रयोगशाळेत बसून विंडोज आणि लिनक्स टाकणार आहोत. ज्यांना येता येईल त्यांनी या, पेनड्राइव्ह आणि एक्स्टेन्शन बोर्ड आणा. प्रयोगशाळेत प्लग अजून आपल्या वेळचेच दोन आहेत.